पुढचा मुक्काम किती दूर?

नंदुरबारला हौसेनं मुक्काम करणारा माणूस विरळा. महाबळेश्वरला खोली घेणारा आधी विचारतो, खिडकीतून काय दिसतं? नंदुरबारला खोली घेणारा विचारतो, सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं? इथं लोक कामासाठी येतात. साहेब दौऱ्यावर असतात, काम दुपारवरून उद्यावर जातं, शेवटची एसटी निघून जाते आणि मग माणूस स्टँडसमोरच्या पाट्या वाचू लागतो. 'लॉजिंग-बोर्डिंग', 'एसी, नॉन एसी', 'पार्किंगची सोय', '२४ तास चेकआउट'.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून फुटून नंदुरबार जिल्हा झाला आणि गावाला मुक्कामाची नवी कारणं मिळाली. कलेक्टर कचेरी आली, जिल्हा परिषद आली, एसपी ऑफिस आलं. पुढे २०२० मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. प्रत्येक कचेरी आपापले पाहुणे घेऊन येते. ऑडिट पार्टी येते, ठेकेदार येतो, बदली होऊन आलेला पण अजून भाड्याचं घर न मिळालेला क्लार्क येतो. बियाण्यांच्या कंपनीचे लोक येतात, पवनचक्क्यांचे इंजिनिअर येतात, कुपोषणावर लिहायला पुण्या-मुंबईचे पत्रकार येतात. हिवाळ्यात मिरचीचे व्यापारी येतात आणि बारा महिने तेरा काळ औषध कंपन्यांचे एमआर येतात.

स्वस्त लॉजबद्दल खात्रीचं काही ऐकायचं असेल तर ते एमआरकडूनच. महिन्यातले किती तरी दिवस ही मंडळी परगावी झोपतात. कंपनी मुक्कामाचा भत्ता ठरवून देते, त्यात खोली बसवायची आणि चार पैसे उरवायचे. कोणत्या लॉजच्या कोणत्या मजल्यावर पाण्याला दाब नाही, कुठल्या खोलीमागे जनरेटर आहे, कुठला मॅनेजर रात्री दोनला दार उघडतो, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ. मोबाइलवरच्या ताऱ्यांना ते हसतात. तारे देणारा एखाद्या रात्रीपुरता आलेला असतो. हे दर महिन्याला येतात.

या लेखाचा विषय ती साधी, पाचशे ते आठशेची खोली आहे. एसी घेतला तर आकडा हजाराच्या पुढे जातो. या पैशात नेमकं काय मिळतं, काय मिळायला हवं, आणि ते पैसे वसूल झाले हे कशावरून ठरवायचं?

काउंटरवर

लॉजची पहिली ओळख खोलीत होत नाही, रजिस्टरवर होते. लांबट, जाड पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं रजिस्टर. नाव, वय, पूर्ण पत्ता, कोठून आले, कोठे जाणार, येण्याचे कारण, सोबत किती माणसं, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. मोबाइल नंबरचा रकाना नंतर कुणी तरी पट्टीनं आखून घुसवलेला. 'येण्याचे कारण' या रकान्यात खाली खाली बघत गेलं की अख्खा जिल्हा दिसतो. कंपनी काम, कोर्ट काम, कंपनी काम, लग्न, परीक्षा, दवाखाना, कंपनी काम. मधेच कुणी तरी नुसतं 'खाजगी' लिहून मोकळा झालेला.

मग आधार कार्ड मागतात. नंदुरबार जिल्ह्यात या मागणीला वेगळाच अर्थ आहे. देशातलं पहिलं आधार याच जिल्ह्यात दिलं गेलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते, आणि तिथल्या आदिवासी गावकऱ्यांच्या हातात देशातले पहिले आधार क्रमांक पडले. आज देशातल्या कुठल्याही लॉजवर त्याच कार्डाची झेरॉक्स घेऊन ती काउंटरमागच्या खिळ्याला टोचतात. ती झेरॉक्स देताना थोडं सावध असावं. फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं आधार काढता येतं. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदान ओळखपत्रही पुढे करता येतं.

काउंटरवरच आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे कुणाला खोली मिळत नाही. एकटी बाई आली की मॅनेजरच्या कपाळाला आठी पडते. मग 'फॅमिली आहे का सोबत?' अशी चौकशी सुरू होते. अंगणवाडीची पर्यवेक्षिका असो, नर्स असो, परीक्षेला आलेली मुलगी असो, चौकशी तीच. अनेक शहरांत 'लोकल आयडी चालणार नाही' अशी पाटीही दिसते. त्याच जिल्ह्याचा पत्ता असलेल्या माणसाला खोली द्यायची नाही, कारण पोलिसांची कटकट नको. कायद्यात अशी बंदी कुठेही नाही. ती मालकाच्या भीतीत आहे. पण नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा नियम कुणी लावला तर त्याचा फटका पहिल्यांदा धडगावहून आलेल्या माणसाला बसेल. त्याचं गाव ऐंशी किलोमीटरच्या आसपास दूर, मधे सातपुड्याचे घाट, आणि तरी कागदावर तो 'लोकल'.

काउंटरवर विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न भाड्याचा नसतो, चेकआउटचा असतो. सुरत-भुसावळ मार्गावरच्या लांब पल्ल्याच्या गाड्या रात्री-अपरात्री माणसं उतरवतात. समजा पहाटे तीनला उतरलात आणि सातशेची खोली घेतली. दुपारी बाराला चेकआउट असेल तर हातात नऊ तास पडतात, म्हणजे तासाला जवळजवळ ७८ रुपये. '२४ तास चेकआउट' असेल तर तीच खोली तासाला २९ रुपयांना पडते. दिवसभराचं काम उरकून, संध्याकाळी आंघोळ करून परतीची गाडी धरता येते. मोठ्या शहरांतल्या चकचकीत हॉटेलांना ही पद्धत परवडत नाही. ती टिकून आहे तालुक्या-जिल्ह्याच्या लॉजमध्ये. स्वस्त खोलीची ही सर्वांत मोठी श्रीमंती.

कडी, बादली, चादर

किल्ली मिळते. तिला प्लास्टिकचा नंबर लावलेला असतो किंवा लाकडाचा भला मोठा ठोकळा, खिशात टाकून विसरू नये म्हणून. खोलीत शिरल्यावर बहुतेक जण टीव्ही लावतात. जाणता माणूस आधी दाराची कडी लावून बघतो. कडी सरळ बसते की दाराला खांदा लावावा लागतो? खांदा लावावा लागत असेल तर दार फुगलंय, म्हणजे बाथरूमचं पाणी भिंतीत मुरतंय, म्हणजे पावसाळ्यात या खोलीत ओलीचा वास येणार. एका कडीवरून एवढं कळतं.

मग बाथरूम. बादली, मग, एक नळ गरम पाण्याचा, एक गार. सोलर असेल तर गरम पाणी सकाळी. उशिरा उठणाऱ्याच्या नशिबी कोमट. गॅस गिझर असेल तर झरोका उघडा आहे ना हे बघणं जिवाच्या मोलाचं, कारण बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावली आहेत. खोलीच्या भाड्यावरून घासाघीस करणारे लोक हा झरोका बघत नाहीत.

पलंगाशेजारी स्विचबोर्ड. सात-आठ बटणं, एकावरही खूण नाही. पंखा कुठला आणि ट्यूब कुठली हे शोधताना बाहेरच्या पॅसेजचा दिवाही कधी कधी आपल्याच हातून विझतो. मोबाइलच्या चार्जिंगचा प्लग उशीजवळ असणं ही नव्या काळाची चैन. जुन्या लॉजमध्ये तो टीव्हीच्या मागे असतो आणि फोन खुर्चीवर ठेवून चार्ज करावा लागतो.

शेवटी चादर. पांढरी चादर दिली म्हणजे मालकानं हिंमत केली, कारण पांढरीवर सगळं दिसतं. गडद फुलांची चादर दिसली की ती उचलून खालची घडी बघावी. धुतलेल्या चादरीला घडीची रेघ असते. नुसत्या झटकलेल्या चादरीला नसते. उशी दाबून बघावी. उशीचं वजन जितकं जास्त, तितके पाहुणे तिनं पाहिलेले.

नंदुरबारमध्ये या तपासणीत एक खास कलम घालावं लागतं. मिरचीच्या हंगामात वारा कुठल्या दिशेचा आहे ते बघावं. नंदुरबारची मिरची बाजारपेठ देशातल्या मोठ्या बाजारपेठांत गणली जाते. ओली लाल मिरची इथं येते आणि शहराबाहेरच्या मोकळ्या रानांत, पथाऱ्यांवर, वाळत पडते. मजूर बाया तोंडाला फडकं बांधून ती दिवसभर खालीवर करतात, देठं खुडतात. वारा फिरला की नवख्या पाहुण्याला दुसऱ्या मजल्यावरही ठसका लागतो. स्थानिक माणसाला तो वास वास वाटतच नाही. मिरचीचा व्यापारी मात्र मुद्दाम त्याच बाजूची खोली मागतो. त्याला माल कुठे पडलाय ते सकाळी उठल्या उठल्या बघायचं असतं. एकच खिडकी, एकाला दोष, दुसऱ्याला सोय.

उन्हाळ्यात हिशोब पुन्हा बदलतो. पारा ४३-४४ अंशांवर गेला की वरच्या मजल्याची नॉन एसी खोली कितीही स्वस्त असली तरी महाग पडते. स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता ओकत असतो. तेव्हा तळमजल्याची, कूलरची, उजेड कमी असलेली खोली मागावी. हिवाळ्यात जिला नाक मुरडतात, तिला मे महिन्यात भाव येतो.

जेवणाची अपेक्षा लॉजकडून ठेवू नये. पाटीवर 'बोर्डिंग' असतं, पण स्वयंपाकघर कधीच बंद पडलेलं असतं. ते बरंच. बाहेर पडलं की शेवभाजी आहे, थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी आहे, सकाळी पोह्यांशेजारी फाफडा-जिलेबीही आहे. गुजरात हाकेच्या अंतरावर असल्याचा हा फायदा. मात्र लॉजच्या खालीच परमिट रूम असेल तर कुटुंबासह आलेल्यानं वरचा, मागच्या बाजूचा मजला मागावा किंवा सरळ पुढचं लॉज बघावं.

चादरीचा हिशोब

स्वस्त लॉजमधली चादर मळकी का असते, याचं उत्तर मालकाच्या आळसात शोधणं सोपं आहे. खरं उत्तर बेरजेत आहे. कागदावर एक लॉज उभारून बघू. बारा खोल्या, सरासरी पाचशे रुपये भाडं, वर्षभरात शंभरातल्या साठ रात्री खोल्या भरलेल्या. वर्षाची जमा १३ लाख १४ हजार. यातून इमारतीचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता, तीन माणसांचे पगार, वीजबिल, पाण्याचा टँकर, टीव्हीचं कनेक्शन आणि दर पावसाळ्यानंतरची रंगरंगोटी निघाली पाहिजे.

आता चादर. एक चादर, एक पांघरूण, दोन अभ्रे, एक टॉवेल यांच्या धुलाईला साठ रुपये धरू. पाचशेच्या खोलीत हा खर्च बारा टक्के होतो. पाच हजारांच्या खोलीत तोच खर्च सव्वा टक्क्याच्या आत. धोब्याला खोली महाग की स्वस्त याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला नग मोजायचे असतात. आपल्या कागदी लॉजमध्ये वर्षाला २,६२८ वेळा खोली भरते, म्हणजे धुलाईचे दीड लाखाच्या वर जातात. एका आड एका पाहुण्याला चादर बदलली तर वर्षाला पाऊण लाखाहून जास्त वाचतात. मोह इथं आहे. म्हणूनच जो मालक पाचशेत रोज चादर बदलतो, त्याचं कौतुक पंचतारांकितवाल्यापेक्षा जास्त करायला हवं.

करांचंही असंच. जुलै २०२२ पर्यंत हजाराच्या आतल्या खोलीवर जीएसटी नव्हता. मग १२ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर तो ५ टक्के झाला, पण मालकाला आपल्या खरेदीवर भरलेला कर वळता करून घेण्याची सोय गेली. हजाराच्या खोलीवर पाहुण्याचे सत्तर रुपये वाचले, हे खरं. पण आपल्या कागदी लॉजची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे. अशा मालकाला नोंदणीच करावी लागत नाही. तेव्हा छोट्या लॉजवर कुणी साध्या पावतीवर 'जीएसटी' लिहून पैसे मागितले तर नोंदणी क्रमांक विचारावा. क्रमांक नसेल तर कर मागण्याचा हक्क नाही.

मग ही लॉजं चालतात कशी? घरच्या माणसांवर. मालक काउंटरमागच्या खोलीत झोपतो, पुतण्या रात्रपाळी करतो, पगाराच्या वहीत दोघांची नावं नसतात. हा हिशोब जगात सगळ्यांत यशस्वी कुणी केला हे बघायचं तर नंदुरबारहून सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसावं. नवापूर मागे पडलं की व्यारा, मग बारडोली लागतं. याच दक्षिण गुजरातच्या पट्ट्यातून गेलेल्या कुटुंबांनी अमेरिकेच्या हायवेवरची मोटेलं हाती घेतली. १९४० च्या दशकात सुरत भागातले कांजीभाई देसाई यांनी कॅलिफोर्नियात एक छोटं हॉटेल चालवायला घेतलं आणि मागून येणाऱ्या गावकऱ्यांना तोच सल्ला दिला, असं तिथले भारतीय मोटेलवाले सांगतात. कुटुंब काउंटरच्या मागे राहिलं, नवरा-बायकोनं खोल्या झाडल्या, शाळेतून आलेल्या मुलांनी चादरी घातल्या. घरभाडं वाचलं, पगार वाचला, त्यातून पुढचं मोटेल घेतलं. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या हॉटेलमालकांच्या संघटनेच्या सांगण्याप्रमाणे आज अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉटेलं तिच्या सभासदांची आहेत. अमेरिकेतला प्रवासी ज्याला 'स्वस्त आणि बरं' म्हणतो, त्यातला मोठा वाटा न मांडलेल्या पगाराचा असतो. आपल्याकडेही तसंच. पाचशेच्या खोलीतले काही रुपये कुणा तरी बाईच्या कष्टाचे असतात, फक्त ते पावतीवर येत नाहीत.

बेगमेची सराई

खोलीची किंमत खोलीत शोधण्याची आपली सवय तशी अलीकडची. जुन्या प्रवाशांना वेगळं माप ठाऊक होतं. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारी वाट नंदुरबारवरून जायची. इंग्रज राजदूत सर थॉमस रो याच वाटेनं गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानं तर या वाटेचे मुक्काम एकामागून एक लिहून ठेवलेत. त्यात नवापूर आहे, तिथल्या कस्तुरीसारखा वास येणाऱ्या बारीक तांदळाची तारीफ आहे. नवापूरच्या अलीकडच्या टप्प्याबद्दल तो सांगतो की पूर्वी हा टप्पा फार लांब होता, मुलूख सरहद्दीचा, तिथले राजे मोगलांना जुमानत नसत आणि लुबाडल्याशिवाय काफिला क्वचितच पुढे जाई. म्हणून शाहजहानच्या मुलीनं, बेगम साहिब जहानआरानं, तिथं धर्मादाय सराई बांधून दिली. मोठी आणि सोयीची.

शाहजादीनं जागा कशी निवडली बघा. जिथं शहर आहे तिथं नाही, जिथं दृश्य सुंदर आहे तिथंही नाही. जिथून पुढचा मुक्काम फार दूर होता, तिथं. खोलीचं मोल ठरवण्याचं यापेक्षा चांगलं माप अजून कुणाला सापडलेलं नाही. पुण्यात सातशेची खोली आवडली नाही तर शेजारच्या गल्लीत दुसरी आहे. धडगावात रात्री आठला गाडी बंद पडली तर जी मिळेल ती खोली, आणि मग तिच्या उशीचं वजन कुणी बघत नाही.

इंग्रजांनी पुढे १८६७ मध्ये सराईंसाठी कायदा केला. त्यात सराईवाल्याची कर्तव्यं सांगितलीत, ती आजही खिशात ठेवावीत अशी आहेत. खोल्या, व्हरांडे, गटारं आणि विहिरी स्वच्छ ठेवायच्या. भिंती, छप्पर, दरवाजे दुरुस्त ठेवायचे. चोराला चढता-उतरता येईल अशा फांद्या छाटायच्या. पाहुणे, त्यांची जनावरं आणि गाड्या यांच्या राखणीला चौकीदार ठेवायचा. साथीचा रोगी आढळला तर चौकीत कळवायचं. आणि भाड्याचा तक्ता, जिल्ह्याचा अधिकारी सांगेल त्या भाषांत, दिसेल असा लावायचा. या यादीत टीव्ही नाही, सोफा नाही, स्वागताचं सरबत नाही. पाणी, दार, राखण आणि उघडा भाव. दीडशेहून जास्त वर्षांनंतर पाचशेच्या खोलीकडून तरी दुसरं काय मागायचं? फांद्यांच्या जागी आता खिडकीला लागून गेलेले पाइप आले, एवढाच फरक.

भावाचा तक्ता मात्र बहुतेक काउंटरांवरून नाहीसा झालाय. माणसाची बॅग, चपला आणि तो किती दमलाय हे बघून भाव सांगितला जातो. मोबाइल ॲपवर एक भाव, काउंटरवर दुसरा, ओळखीच्या एमआरला तिसरा.

तालुक्यागणिक भाव

जिल्हा एक असला तरी मुक्कामाचं गणित तालुक्यागणिक बदलतं. नवापूरचं रेल्वे स्टेशन दोन राज्यांत आहे. प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशनमास्तर तिकडे. १ मे १९६० ला रेघ ओढली गेली तेव्हा स्टेशन आधीपासून उभं होतं. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे रेघेच्या अलीकडच्या खोल्यांना शनिवार-रविवारचं वेगळं गिऱ्हाईक. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या पोल्ट्रीत सापडला, तेव्हा याच छोट्या गावात पशुवैद्यक, अधिकारी आणि देशभरचे पत्रकार येऊन धडकले. अशा दिवसांत खोलीचा भाव मालक ठरवत नाही, गर्दी ठरवते.

तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी, नुकरा. कैक लाखांचा घोडा दावणीला सोडून मालक लॉजवर जाऊन झोपेल कसा? तो घोड्याशेजारीच अंथरूण टाकतो. हौशी पाहुण्यांसाठी अलीकडे चेतक फेस्टिवलचे सजवलेले तंबू आले. त्या दिवसांत शहाद्यात किंवा दोंडाईच्यात भाव विचारण्याआधी खोली आहे का, ते विचारावं.

तोरणमाळचं वेगळं. शहाद्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, सुमारे ११५० मीटर उंची, यशवंत तलाव, सीताखाई. जिल्ह्यात हौसेचा मुक्काम कुठे होत असेल तर इथं. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, आणखी थोड्या जागा आहेत, पण पर्याय मोजके. तिथं खोली जरा महाग वाटली तरी पुढच्या खोलीपर्यंतचा घाट आठवावा आणि गुमान पैसे द्यावेत. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला येणारे भाविक मात्र उघड्यावरच रात्र काढतात.

आणि ऐन दिवाळीत, आपण फराळाचे डबे उघडत असताना, तळोद्याकडून भाविकांचे जथे अस्तंब्याच्या डोंगराकडे निघतात. अश्वत्थाम्याची ही यात्रा. पाठीवर शिदोरी, हातात काठी, रात्र डोंगरावर. त्यांच्या वहीत मुक्कामाचा खर्चच नसतो.

दोन दिवसांची मजुरी

लॉजच्या भावाला आणखी एक माप लावून बघायला हवं. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. सहाशेची खोली म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचं काम. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दहातली सात माणसं आदिवासी आहेत, जिथली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथं 'बजेट' हा शब्द नेमका कुणाच्या बजेटबद्दल बोलतो? मुंबईहून आलेल्या मला सहाशे स्वस्त वाटले. अक्कलकुव्याहून बाळंतिणीला घेऊन आलेल्या बापाला ते वाटणार नाहीत. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्यात रात्री दहानंतर चक्कर मारा, पायऱ्यांवर आणि जिन्याखाली अशी माणसं आडवी झालेली दिसतील.

पूर्वी याला दोन उत्तरं होती. एक नातेवाईक. गावात भाचा असताना लॉजवर उतरणं म्हणजे भाच्याचा अपमान. आता भाचा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याच्या मुलीची दहावी असते आणि पाहुणाच समजून घेतो. दुसरं उत्तर धर्मशाळा. या उत्तराचं मोल गाडगेबाबांइतकं कुणाला कळलं नाही. हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या या माणसानं पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभी केली, कारण वारीला आलेल्या दलित भाविकाला गावात पाठ टेकायला जागा मिळत नव्हती. नाशिकला बांधली, आळंदीला बांधली. स्वतः मात्र त्यांतल्या कुठल्याही धर्मशाळेवर हक्क सांगितला नाही. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या उपचाराला आलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक तिथं नाममात्र पैशांत राहतात. गाडगेबाबांचा खराटा आणि १८६७ च्या कायद्यातलं स्वच्छतेचं कलम एकच गोष्ट सांगतात. गरिबाची खोली साधी असायला हरकत नाही, घाण असायला आहे.

नंदुरबारच्या लॉजवाल्यांकडून धर्मशाळेची अपेक्षा करणं अन्याय होईल. बारा खोल्यांच्या बेरजेत ते बसत नाही, हे वर पाहिलंच. त्यांच्याकडून मागायचं ते इतकंच: भावाचा तक्ता दिसेल असा लावा, चादर प्रत्येक पाहुण्याला बदला, कडी नीट करा, आणि ओळखपत्र खरं असेल तर एकट्या बाईला व जिल्ह्यातल्या माणसाला परत पाठवू नका. यातल्या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत किंवा फार थोडे लागतात. चौथीला, चादरीला, खोलीमागे साठ रुपये लागतात. ते साठ रुपये भाड्यात उघड धरा. पाहुणा कुरकुरेल, पण पुढच्या महिन्यात परत येईल.

बाकीचं काम सरकारचं आणि समाजाचं. ज्या गावात जिल्हा रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज आहे, त्या गावात दवाखान्याला चालत जाता येईल अशा अंतरावर, शंभर रुपयांच्या आत एक खाट, एक कुलूपबंद कप्पा आणि आंघोळीचं पाणी मिळालं पाहिजे, आणि ते मागताना पत्ता मोलगीचा आहे की मुंबईचा हे कुणी विचारू नये. शाहजहानच्या मुलीनं हिशोब मांडला तेव्हा तिनं वाटेवरचा सगळ्यांत लांब टप्पा शोधला होता. या जिल्ह्यातला सगळ्यांत लांब टप्पा आज घाटात नाही; तो दवाखान्याचा व्हरांडा आणि समोरची सहाशेची खोली यांच्या मधे आहे. सराई तिथं बांधायला हवी.